चोवीस नंबरच्या खाटेवरची वही

बाळंतिणींच्या वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरला अख्खं इस्पितळ पाठीमागे मोजणीबाई म्हणायचं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असूनही तिचं मोजणं काही सुटलं नव्हतं. सकाळी सातला वॉर्डाचं दार ढकललं की आधी खाटा, मग बाळंतिणी, मग बाळं, मग कात्र्या, मग थर्मामीटर. एवढं झाल्याशिवाय ती रात्रपाळीच्या सिस्टरला घरी सोडायची नाही. ती बिचारी पायावरून पाय बदलत उभी, आणि ही शांतपणे म्हणणार, "कात्री एक कमी आहे." मग ती कात्री त्याच बिचारीच्या खिशातून निघणार. बावीस वर्षं तिथल्याच फरशा पुसत आलेली मावशी तर तोंडावर म्हणायची, "सिस्टर, एकदा माझे दातपण मोजा. दोन कमी भरतील, पण ते मी कुणाला दिलेले नाहीत." मोजणीबाई हसायची आणि पुढचा ट्रे ओढायची.

घरी नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. "मी वेळ चालू करून देतो, ही ती मोजत बसते," असं तो येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि एकच विनोद वीस वर्षं पुरवल्याबद्दल तिने त्याला कधी बोल लावला नाही.

ही खोड तिला लागली ती मनोरुग्णालयात. नोकरीची पहिली अकरा वर्षं तिने तिथल्या बायकांच्या वॉर्डात काढली. तिथे जेवणानंतर चमचे मोजायचे, आंघोळीनंतर टॉवेल मोजायचे, आणि दर पंधरा मिनिटांनी माणसं. कंटाळा केला तर काय होतं हे तिथल्या जुन्या सिस्टरांनी तिला सांगितलं होतं, आणि एक-दोनदा तिने स्वतःही पाहिलं होतं. पुढे बाळंतिणींच्या वॉर्डात बदली झाली तेव्हा बरोबरीच्या म्हणाल्या, "सुटलीस बाई! आता बाळं बघायची, पेढे खायचे." तिला काही सुटल्यासारखं वाटलं नाही. कारण त्या जुन्या वॉर्डातली एक बाई तिच्याबरोबर आली होती, निदान मनात तरी.

त्या बाईला सगळे पाळणेवाली म्हणायचे. ती दिवसभर आपल्या लोखंडी खाटेची कड धरून खाट हळूहळू हलवायची. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी, आजारात, भ्रमात, तिने आपलं बाळ पाण्याच्या टाकीत सोडलं होतं. औषधांनी तिचा भ्रम दोन महिन्यांत गेला. गेला आणि मग तिला कळलं आपल्या हातून काय झालं ते. त्यानंतर ती खाट हलवायला लागली आणि ते हलवणं कुठल्याच औषधाने थांबलं नाही. मोजणीबाईने तिचे जुने कागद एकदा काढून वाचले होते. ज्या इस्पितळात ती बाळंत झाली तिथल्या सिस्टरने घरी सोडताना शेवटची ओळ लिहिली होती: शांत, झोप चांगली, तक्रार नाही. त्या सिस्टरचा मोजणीबाईला फार राग यायचा. ओळख ना पाळख, तरी वर्षानुवर्षं यायचा.

आता खाटांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या खाटांवरून घडलं. वॉर्डात खाटा चोवीस. बारा एका भिंतीला, बारा दुसऱ्या भिंतीला. इनचार्ज झाल्यावर मोजणीबाईने एक नियम घातला होता: जिला जास्त जपायचं ती सिस्टरच्या टेबलाजवळ, जिचं सगळं सुरळीत ती लांब. ऑपरेशन झालेल्या, ताप असलेल्या, रक्त जास्त गेलेल्या, रडणाऱ्या, भांडणाऱ्या अशा सगळ्या पुढे. धडधाकट, समजूतदार अशा मागे. नियम उत्तम होता. मेट्रनबाईंनी दुसऱ्या वॉर्डांना तो दाखवून दिला होता. या हिशेबाने चोवीस नंबरची खाट ही सगळ्यात गुणी बाळंतिणीची. ती खाट पार टोकाला, खांबाच्या आड, वाळत घालायच्या गॅलरीच्या दाराला लागून होती.

त्या आठवड्यात तिथे एक शिक्षिका होती. शाळेत गणित शिकवायची. पहिलंच बाळंतपण, मुलगा, तीन किलो शंभर ग्रॅम, सगळं नीट. तिने पहिल्याच दिवशी नवऱ्याकडून एक आखीव वही आणि पट्टी मागवली, आणि बाळाची नोंद ठेवायला घेतली. बाळाला खाटेवर आडवं ठेवायची, पट्टी लावायची, आणि वहीत ओळ सुतासारखी सरळ लिहायची: किती वाजता पाजलं, किती वाजता कपडा ओला. अक्षर छापल्यासारखं. मोजणीबाईला ती वही इतकी आवडली की तिने ती हातात धरून वॉर्डभर फिरवली. "बघा जरा! याला म्हणतात नोंद. नाहीतर तुम्ही. विचारलं कधी पाजलं, तर म्हणे मघाशी." बाकीच्या बाळंतिणींनी मनातल्या मनात शिक्षिकेला काय म्हटलं असेल ते सोडून देऊ.

सिस्टरांनाही वही सोयीची पडली. वॉर्डात बायका सव्वीस, दोघी खाली गाद्यांवर, आणि सिस्टर दोन, त्यातली एक नवीच आलेली. दर वेळी चोवीस नंबरपर्यंत जाऊन बाळाचा चार्ट भरण्यापेक्षा एकदाच वहीतल्या वेळा उतरवून घेतल्या की काम झालं. गुणी बाळंतीण म्हणजे देवाची देणगीच वाटते त्या कामाच्या रगाड्यात.

चौथ्या दिवशी, दुपारी सव्वाबारा वाजता, शिक्षिकेला घरी सोडायचं होतं. मोठ्या डॉक्टरांनी सकाळीच सही केली होती आणि त्या ऑपरेशनला गेल्या होत्या. मेट्रनबाईंचा तिसऱ्यांदा फोन आला होता: प्रसूतिगृहाबाहेर तिघी स्ट्रेचरवर आहेत, एक वाजेपर्यंत तीन खाटा मोकळ्या पाहिजेत. शिक्षिकेचा नवरा खाली गाडी लावून दोनदा वर येऊन गेला होता. सासू पिशव्या भरून टेबलासमोरच्या बाकावर बसली होती. फक्त इनचार्जची सही राहिली होती.

मोजणीबाईने कागद ओढले, पेन उघडलं, आणि सवयीने शेवटचा शेरा वाचला. नव्या सिस्टरचं अक्षर: शांत, झोप चांगली, तक्रार नाही.

ते शब्द कुणीही लिहितं. दिवसातून दहादा लिहितात. पण मोजणीबाईने ते पाळणेवालीच्या कागदांवर वाचले होते. तिने पेन खाली ठेवलं आणि बाळाचा चार्ट काढला. पहाटे दोन दहा, दोन तीस, दोन पंचेचाळीस, तीन पाच. दुपारचं पान उलटलं. एक वीस, एक चाळीस, एक पंचावन्न. ती बोटाने एकेक ओळ उतरत गेली. तीन रात्री, तीन दिवस. दोन नोंदींमधलं सगळ्यात मोठं अंतर पंचवीस मिनिटांचं.

"अगं," तिने नव्या सिस्टरला हाक मारली, "ही झोपते कधी?"

"झोपते ना सिस्टर. मी राउंडला जाते तेव्हा डोळे मिटलेलेच असतात."

"आणि चार्टात या वेळा?"

"त्या तिच्या वहीतून घेतल्यात." नवी सिस्टर गोरीमोरी झाली. "वहीत उजवीकडे आणखी बारीक अक्षरात काहीतरी असतं. ते नाही उतरवलं. आपल्या चार्टात तसा रकानाच नाही."

सासू बाकावरून ऐकत होती. ती सहज म्हणाली, "अहो सिस्टर, जरा थकलीय, एवढंच. काल मला म्हणते, याचे कान कालचे नाहीत. मी म्हटलं, अगं वेडे, बाळाचे कान कोण बदलेल?" आणि ती हसली. मग मोजणीबाईचा चेहरा पाहून तिचं हसू विरलं.

मोजणीबाई उठली. आवाज न चढवता तिने तीन गोष्टी सांगितल्या. नव्या सिस्टरला: "समोरच्या इमारतीत मनोविकारच्या डॉक्टरांना फोन लाव. पाल्हाळ नको, ‘तातडीचं आहे, बाळंतीण आहे, बाळ तिच्या हातात आहे’, एवढंच सांग." सासूला: "तुम्ही इथेच बसा. मी हाक मारल्याशिवाय येऊ नका." आणि मावशीला, कानाशी: "गॅलरीचं दार लाव. घाई दिसू देऊ नकोस."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. गॅलरीचं दार तिनेच सकाळी चादरी वाळत घालायला सताड उघडं टाकलं होतं. वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर.

टेबलापासून चोवीस नंबरपर्यंत चाळीस पावलं. धावता येत नव्हतं. मोजणीबाई सात नंबरला थांबून कुणाची उशी सरळ करत, पंधरा नंबरला कुणाला हसून दाखवत गेली. मावशी बादली घेऊन पलीकडच्या ओळीतून निघाली होती. खांब ओलांडला तेव्हा शिक्षिका खाटेवर नव्हती. ती गॅलरीच्या दाराच्या उंबऱ्यात उभी होती, पाठ बाहेरच्या उजेडाकडे, बाळ डाव्या हातावर. केस विंचरलेले, साडी नीटनेटकी. कुणीही म्हणावं, ही घरी जायला तयार आहे.

मावशी जागच्या जागी थबकली.

वही खाटेवर उघडी होती. मोजणीबाई खाटेच्या कडेवर बसली, आपलं घर असल्यासारखी. "बघू का?"

"बघा. सगळं लिहिलंय," शिक्षिका म्हणाली. आवाज मऊ, अगदी सभ्य.

उजव्या रकान्यात पहिल्या दिवशी बाळाचे श्वास मोजलेले होते. दुसऱ्या दिवशी सिस्टरांच्या येण्याजाण्याच्या वेळा होत्या. तिसऱ्या दिवसापासून: कान वेगळे. रडणं वेगळं. हे ते नाही. आणि आजच्या पानावर, पट्टी लावून: एक वाजता परत करणे.

ही वही तीन दिवस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. आपण ही वही हातात धरून वॉर्डभर मिरवली आणि उजवीकडची एक ओळ वाचली नाही, हे मोजणीबाईच्या मनात चर्र करून गेलं. पण त्याला आता वेळ नव्हता.

मनोरुग्णालयात तिला एका म्हाताऱ्या सिस्टरने शिकवलं होतं, की अशा वेळी आडून विचारायचं नाही. विचारल्याने मनात नसलेलं मनात येत नाही. तिने सरळ विचारलं, "बाळाला काही करावं, असं मनात येतं का?"

शिक्षिकेने तिच्याकडे पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच कुणी तिला बरोबर प्रश्न विचारला असावा, तसं. "करायचं काही नाही," ती म्हणाली. "परत द्यायचंय. हे दिलं की माझं मिळेल."

"कुठे द्यायचंय?"

"खाली."

पलीकडे चादरी हलत होत्या. कठडा कमरेएवढा. शिक्षिकेपासून तो दोन पावलांवर, आणि मोजणीबाईपासून सहा. हे तिने बसल्या बसल्या मोजलं होतं. झडप घातली तर शिक्षिका आधी पोचेल. ओरडलं तरी तीच आधी पोचेल. ‘हे तुमचंच बाळ आहे हो,’ असं म्हणून काही उपयोग नव्हता. तिच्या लेखी खोटं बोलणाऱ्यांत आणखी एकीची भर पडली असती.

"तीन दिवस एकटीने केवढी भीती सोसलीत," मोजणीबाई म्हणाली. हे ती मनापासून म्हणाली.

"कुणाला सांगणार? सगळे छान छान म्हणतात."

"हो. मीपण म्हटलं."

तेवढ्यात लांब, टेबलापाशी, नवऱ्याचा आवाज आला. "अजून झालं नाही का? गाडी किती वेळ उभी करू?" शिक्षिकेने मान वळवली आणि एक पाऊल मागे गेली, गॅलरीत. मावशीच्या हातातली बादली खणखणली.

मोजणीबाईची नजर वहीवर होती. ती काही शोधत नव्हती. वर बघायचा धीर होत नव्हता, म्हणून खाली बघत होती. आणि तिला दिसलं, की शेवटची नोंद बारा वीसची आहे.

"नोंद राहिली," ती म्हणाली. "बारा वीसनंतर काहीच नाही. बारा चाळीस झाले."

शिक्षिकेचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे गेले. मग वहीकडे. कपाळाला आठी पडली. तीन दिवसांत एक नोंद चुकली नव्हती.

मोजणीबाई उठली नाही. बसूनच तिने वही, पट्टी आणि पेन्सिल पुढे धरली. शिक्षिका दोन पावलं आत आली. उजवा हात पुढे केला. एका हाताने वही धरणार, तर लिहिणार कशाने?

"ओळ वाकडी जाईल," मोजणीबाई म्हणाली.

वॉर्डात कुठेतरी एक बाळ रडत होतं, कुणीतरी चमचा भांड्यावर आपटत होतं. शिक्षिका उभी राहिली. बाळाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. मग ती पुढे आली, आणि वर्गात एखाद्या मुलीला सांगावं तसं म्हणाली, "धरा. डोकं हातावर. मान सांभाळा."

बाळाचं ऊबदार वजन हातावर आलं तेव्हा मोजणीबाईला रडू फुटेल की काय असं झालं. ती उठली नाही, पळाली नाही. शिक्षिकेने पट्टी लावली. ती लिहीत असताना मावशी चादरी काढायला म्हणून मागून गेली, आत आली, आणि दाराला कडी घातली. तो आवाज मोजणीबाईने आयुष्यभर विसरायचा नाही असं ठरवलं.

मनोविकारचे डॉक्टर आले, बरोबर दोन सिस्टर. खांबामागे पडदा लागला. शिक्षिकेने हिसकाहिसकी केली नाही, "माझं बाळ आणताय ना?" एवढंच सगळ्यांना विचारत राहिली. मोजणीबाईने तिला खोटी आशा दाखवली नाही. "तुम्ही आजारी आहात. या आजाराला औषध आहे. आणि मी इथे आहे," हे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. इंजेक्शननंतर शिक्षिका चौदा तास झोपली.

नवऱ्याने आरडाओरडा केला. "चार दिवसांत माझ्या बायकोला वेडी ठरवलीत?" मोजणीबाईने त्याला वहीचं शेवटचं पान दाखवलं. तो वाचत गेला आणि बाकावर बसला तो उठेना. सासू मात्र एकच म्हणत होती, "मला सांगितलं होतं हो तिने. कानांचं. मी हसले." मोजणीबाईने तिचा हात धरला आणि धरून ठेवला. हसली तीसुद्धा होती, वेगळ्या तऱ्हेने.

मग ती कपड्यांच्या खोलीत गेली, दार लावलं, आणि धुतलेल्या चादरींच्या थप्पीवर डोकं टेकून हमसाहमशी रडली. तिला पाळणेवाली दिसत होती. त्या कधीही न पाहिलेल्या सिस्टरचा राग मात्र पहिल्यांदाच आला नाही.

संध्याकाळी तिने मेट्रनबाईंना लेखी अहवाल दिला. त्यात नव्या सिस्टरच्या नावावर काही ढकललं नव्हतं. लिहिलं होतं: खाटांची मांडणी माझी. जिची तक्रार नाही तिला लांब ठेवण्याचा नियम माझा. वहीची वाहवा केली ती मी.

"एवढं स्वतःवर ओढून घ्यायची काय गरज होती?" मेट्रनबाई म्हणाल्या. "बाळ वाचलं, आई वाचली."

"कात्र्या मोजल्या, बाई. झोप नाही मोजली."

दुसऱ्या दिवसापासून टेबलाजवळची एक खाट अशा बाळंतिणीसाठी राखली गेली, जिच्याबद्दल कुणालाच काही सांगायचं नसे. चार्टात दोन रकाने वाढले. एकात झोप किती, आणि ती जागं राहून कुणी पाहिली. दुसऱ्यात बाळाची आई काय म्हणाली, तिच्याच शब्दांत. मावशीने लगेच विचारलं, "मग माझी खाट कुठे? मी तर सारखी तक्रार करते." "तू लांबच राहा," मोजणीबाई म्हणाली, आणि त्या दुपारनंतर पहिल्यांदा वॉर्ड हसला.

वही तिच्या टेबलाच्या खणात राहिली. शेवटची ओळ तशीच, सरळ: बारा चाळीस. बाळ सिस्टरकडे दिलं.

साडेतीन महिन्यांनी, बाळांच्या तपासणीच्या दिवशी, मोजणीबाई आणि नवी सिस्टर खालच्या मजल्यावर कार्डं भरायला बसल्या होत्या, आणि रांगेत शिक्षिका उभी होती. थोडी जाड झालेली, औषधांनी चेहरा जरा सुस्तावलेला. सासू शेजारी. बाळ खांद्यावर, गुबगुबीत, आणि आईच्या साडीचा पदर त्याने तोंडात कोंबलेला. मोजणीबाईला पाहून शिक्षिकेने बाळ जरा तिच्याकडे वळवलं. मोजणीबाईने कार्ड ओढलं. कार्डाचा फार आधार असतो अशा वेळी.

"वजन छान वाढलंय. बाटलीच ना? दिवसातून किती वेळा देता?"

शिक्षिका विचारात पडली. मग तिला जरा ओशाळल्यासारखं झालं.

"मोजलं नाही हो," ती म्हणाली. "रडलं की देते."

मोजणीबाईचं पेन कार्डावर थांबलं ते थांबलंच. शेजारी बसलेली नवी सिस्टर वाट बघून वाकली आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, तो रकाना राहिला."

"राहू दे," मोजणीबाई म्हणाली, आणि तिने कार्ड मिटलं.